जोंधळ्याच्या रानातलं स्टेडियम

रंगरावांनी देशोदेशीची फुटबॉलची मैदानं पाहिली होती, आणि त्याचा ताप सगळ्यात जास्त सुभद्राबाईंना होत होता.

दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर त्यांनी बसरा, कैरो, इटली पालथी घातली. परत आले ते लंगडा गुडघा आणि तोंडात स्टेडियम घेऊन. आता ते दापोडीच्या एका वर्कशॉपात दारावर राखणीला होते. सुट्टीला आपल्या गावी, कासारवाडीच्या पारावर टेकले की सुरू. कैरोच्या मैदानाची भिंत म्हणे एवढी उंच, की वर बघताना टोपी पडावी. इटलीत आतली माणसं ओरडली की दगडी भिंत पाठीला थरथरायची.

लोक ऐकायचे, आणि पाठ फिरली की हसायचे. 'रंगराव थापाड्या' हे नाव विहिरीवर कानी आलं, तेव्हा सुभद्राबाईंनी घागर खाली ठेवून बोलणाऱ्या मंजुळाबाईचा चांगला उद्धार केला. नवरा आपला, त्याला थापाड्या म्हणायचा हक्कही आपलाच. मनातून मात्र एक गोष्ट त्यांनाही खटकायची. एवढ्या गोष्टींत भिंती होत्या, दरवाजे होते, आरडाओरडा होता. कोण खेळलं, चेंडू कुठे गेला, हे कधीच नसायचं. विचारलं की रंगरावांना तहान लागायची.

अशात वर्कशॉपातल्या चांदभाई फिटरने पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या टीमशी मॅच ठरवली, आणि मग त्याला आठवलं की मैदानच नाही. सुभद्राबाईंनी ही संधी सोडली नाही. स्टेडियम कासारवाडीतच होईल, आणि आपला माणूस त्यात सगळ्यांच्या देखत ऐटीत बसेल. मग बघू कोण थापाड्या म्हणतं.

शेजारच्या गोजाबाईंचं जोंधळ्याचं रान नुकतंच मोकळं झालं होतं. तीन बाजूंना मातीच्या उंच ताली, बसायला ऐसपैस. बायकांनी धसकटं काढली, पाणी मारून जमीन चोपली. आणि मॅचच्या दिवशी पहाटे, चांदभाईला न विचारता, मधोमध आणि दोन्ही गोलांपुढे खळ्यासारखं शेणाने स्वच्छ सारवलं. पाहुणे यायचे म्हटल्यावर जमीन तशीच कशी ठेवायची?

पाहुणे आले ते नवेकोरे बूट घालून. चौथ्या बाजूच्या बांधातल्या खिंडीत, जिथून रानात शिरायची एकच वाट होती, तिथे गोजाबाई आडव्या झाल्या. सारवलेल्या जागेवर पायताण चालायचं नाही. पिंपरीचा कॅप्टन बराच वेळ हुज्जत घालत होता. चांदभाईने कपाळाला हात लावला, मग स्वतःचेच बूट आधी काढले. बघता बघता खिंडीत बुटांचा ढीग लागला, आणि तो हुंगायला गल्लीतली कुत्रीही जमली. कुणी न सांगता रंगरावांनी काठी उचलली आणि ते ढिगापाशी उभे राहिले.

मॅच सुरू झाली. ताली माणसांनी फुलून गेल्या. सुभद्राबाईंनी घोंगडीची घडी टाकून शेजारची जागा धरून ठेवली होती, पण रंगराव काही येईनात. त्यांनी खाली पाहिलं. रंगराव खिंडीत ताठ उभे होते, मैदानाकडे पाठ करून. लोक ओरडले की त्यांचे खांदे हलायचे, मान मात्र वळत नव्हती.

तेव्हा सुभद्राबाईंच्या लक्षात आलं. त्या उठून खाली गेल्या.

"आवो, तिकडं कैरोत, इटलीत, तुमी कवा आत गेलाच न्हाई, व्हय?"

रंगराव समोरच बघत राहिले. "ड्यूटी भाईरची व्हती. गोरे सोल्जर आत खेळायचे, आमी दारावर." मग हळूच म्हणाले, "आवाज मातूर समदा ऐकला. त्यात खोटं न्हाई."

"ठावं हाय मला." त्यांनी काठी काढून घेतली. "जावा. वर घोंगडी टाकलीया."

"आन् बुटं?"

"बुटं म्या राखते. तुमी लढाईवर असताना घर राखलं, ही पायताणं काय जड हायेत?"

रंगराव लंगडत वर गेले. सुभद्राबाई मैदानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मागे गलका उठायचा, वळून बघावंसं वाटायचं, पण एक तांबडं कुत्रं बुटावरून नजर काढत नव्हतं. एकदा त्या गलक्यात त्यांना ओळखीचा आवाज आला. घरात कधी चढला नव्हता एवढा तो चढला होता. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि कुत्र्यावर काठी उगारली.

घरी जाताना रंगरावांचं बोलणं थांबत नव्हतं. कोण जिंकलं हे त्यांनी सांगितलं नाही, सुभद्राबाईंनीही विचारलं नाही. चांदभाईच्या टीममधल्या शौकतने चेंडू डाव्या पायावर कसा घेतला, पिंपरीचा गोलवाला ओल्या सारवणावरून घसरून कसा बसकण मारून बसला, चेंडू त्याच्या डोक्यावरून कसा निवांत गेला, हे त्यांनी गल्ली येईपर्यंत तीनदा सांगितलं. सुभद्राबाई तिन्ही वेळा नव्याने ऐकत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रंगरावांच्या गोष्टीत चेंडू आला होता.