शेजाऱ्याची कात्री

एका मत्सरी गृहस्थाने स्वतःचे पक्व पीक स्वतःच्या हट्टाने कसे घालविले, ती हकिकत येथे यथामती निवेदन करीत आहे. सुज्ञ वाचकांनी शांतचित्ताने वाचावी.

ल्वार नदीच्या खोऱ्यात आन्सेल्म बोदिनो व गासियाँ रुलो यांचे द्राक्षमळे एकाच उतारावर, मध्ये फक्त गुडघाभर दगडी बांध. माती तीच, नदीवरून येणारे धुकेही तेच. तथापि गावच्या चाखणीत पहिला मान दरवर्षी गासियाँच्या गोड वाईनला मिळे, आणि आन्सेल्मच्या काळजात निखारा पडे. सहा वर्षे त्याने अबोला धरला होता. घरात गासियाँचे नाव काढण्यासही बंदी होती.

तेथे धुक्याने बुरशी चढून मणी सुकले व त्यांतली गोडी वाढली, की मगच घड तोडतात. लवकर तोडले तर गोडी उणी, उशीर झाला तर पावसात सर्वनाश. त्या वर्षी आन्सेल्मने निश्चय केला, की गासियाँच्या मळ्यात कात्री चालल्यावाचून आपली चालवावयाची नाही. त्याचे गुपित काय ते एकदाचे कळो!

"अहो, मणी मधासारखे झालेत. तोडा की आता!" पत्नी सोलांज म्हणाली.

"तो थांबलाय ना? मग मीही थांबणार."

"त्यांचं म्हणजे—"

"नाव काढू नकोस म्हटलं ना!"

मग चार दिवस पाऊस कोसळला. दोन्ही मळ्यांतले घड आंबून गळाले. संतापाने आन्सेल्म बांध ओलांडून गेला. पाहतो तो गासियाँ खिडकीशी, पाय प्लास्टरमध्ये.

"का रे तोडलं नाहीस?" आन्सेल्म ओरडला.

"मी? दरवर्षी या खिडकीतून बघतो, आणि तू तोडायला लागलास की तीन दिवसांनी मी माणसं लावतो. तुझ्यासारखी पारख या उतारावर आहे कोणाला? यंदा तू हललाच नाहीस, मग मी कसा हलू?"

आन्सेल्म बांध ओलांडून घरी परतला. ज्या मानासाठी तो सहा वर्षे जळत होता, त्यात अर्धी पारख त्याचीच होती. आणि यंदाचे पिंप मात्र रिकामे.

"त्याचा पाय मोडलाय, हे सांगितलं का नाहीस?" त्याने सोलांजला विचारले.

"नाव काढायची बंदी कोणाची होती?"

आन्सेल्मने बांधापलीकडच्या खिडकीकडे पाहिले. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी त्या खिडकीसमोर उंच कुंपण घालायचं."

आपण वेळ देऊन वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.
आपला नम्र,
पुंजाजी भिकाजी शेलार