स्क्रीन थरथरते तेव्हा

संध्याकाळी बाथरूममधल्या गिझरचा लाल दिवा लागला, की रुपालीचे कान जिन्याकडे लागत.

आधी निरंजनच्या कॉम्प्युटरची स्क्रीन थरथरायची. नीट चाललेलं चित्र मध्येच फाटल्यासारखं व्हायचं, हिरव्या-जांभळ्या पट्ट्या आडव्या धावायच्या आणि मग सगळं काळंकुट्ट. पुन्हा उजेड येईपर्यंत जिन्यात पावलं वाजायला लागायची. फरफटत, थांबत थांबत चढणारी. आणि मग दारात शालनबाई उभी असायची.

रोज हाच क्रम. आधी स्क्रीन, मग पावलं, मग शालनबाई.

थेरगावात डांगे चौकाच्या मागे हिंदुरावांची ही तीन मजली इमारत. पहिल्या मजल्यावर रुपाली, तिचा नवरा निरंजन, चार वर्षांची पूर्वी आणि उदगीरहून राहायला आलेल्या सासूबाई सुमनताई. निरंजन चाकणला एका कंपनीत कामाला. ना तंबाखू, ना दारू. शौक एकच, शिफ्टवरून आलं की अंघोळ करून तासभर गेम खेळायचा. एकेक भाग निवडून त्यानं तो कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. तो येण्याआधी पूर्वीला त्यावर कार्टून लावून दिलं, की रुपालीला स्वयंपाक उरकता यायचा.

शालनबाई जिन्याखालच्या खोलीत राहायची. मूळची पुनावळ्याची. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, जमीन दिरांनी विकून टाकली. हिंदुरावांनी तिला खोली दिली ती एका अटीवर. रोज संध्याकाळी खालच्या पेटीतलं बटण दाबून बोअरची मोटर चालू करायची आणि गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते बघायचं. मोटर जमिनीत खोल. तिचा आवाज वर कुणाला येत नसे. वर यायची ती फक्त पावलं.

निरंजननं काय करायचं बाकी ठेवलं होतं! ड्रायव्हर काढून नव्यानं टाकला. केबल बदलली. ग्राफिक्स कार्ड काढून, पुसून पुन्हा बसवलं. मित्राचा मॉनिटर आणून लावला, तोही थरथरला. शेवटी सगळं उचलून चिंचवडला सलिलच्या दुकानात नेलं.

"भावा, दिवसभर जड गेम लावून ठेवला होता," सलिल म्हणाला. "स्क्रीननं पापणीसुद्धा हलवली नाही. कार्ड एक नंबर आहे. घरची लाइन बघून घे एकदा."

"लाइनला काय झालंय राव? यूपीएस लावलाय, थ्री-पिन सॉकेट आहे. अजून काय पाहिजे?"

कॉम्प्युटर घरी आला आणि त्याच संध्याकाळी पुन्हा पट्ट्या धावल्या, काळोख झाला, पावलं वाजली.

"दुकानात चालायलंय अन् घरी बंद पडायलंय," सुमनताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मग दोष यंत्रात कसा असंल? घरातच हाय काहीतरी. अन् ते कुणाच्या पायानं यायलंय, ते तुला बी दिसतंय, मला बी."

रुपाली बीएस्सी झालेली. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. निदान दिवसा नव्हता. पण आई झाल्यापासून तिच्या डोळ्यांना विसावा म्हणून नव्हता. पूर्वीचं अंग जरा गरम लागलं, पूर्वी झोपेत दचकली, पूर्वीनं दूध टाकलं, सगळं ती टिपून ठेवायची. आणि टिपता टिपता तिच्या हे लक्षात आलं होतं, की शालनबाई दाराशी नुसती थांबत नाही. चौकट घट्ट धरून ती पूर्वीकडे टक लावून बघते. तोंड किंचित उघडं, आणि हात थरथरत असतो.

त्याहून वाईट गोष्ट गेल्या आठवड्यात घडली. पूर्वीनं कॉम्प्युटरच्या पेटीवर तळवा टेकवला आणि खुदकन हसली. "आई, मुंग्या!"

रुपालीनं वाकून बघितलं. एकही मुंगी नव्हती.

"आता आजी येणार," पूर्वी म्हणाली.

आणि स्क्रीन थरथरली. चित्रातल्या सशाचं तोंड ताणलं गेलं, फाटलं, काळं झालं. जिन्यात पहिलं पाऊल वाजलं. तिनं लेकीला उचलून छातीशी धरलं.

"पोरी, पेरू खाती का?" दारातून शालनबाईचा घोगरा आवाज आला. तिनं पुढे केलेल्या हाताची बोटं टोकाशी काळपट पडली होती.

रुपालीनं पेरू घेतला, हसली, दार लावलं आणि पेरू कचऱ्याच्या डब्यात टाकला. सुमनताईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन नातीवरून ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या. "कशा तडतडल्या बघ! जबर नजर हाय."

दुसऱ्या दिवशी दोघी हिंदुरावांकडे गेल्या. बोलल्या त्या सुमनताईच. रुपालीनं फक्त मान हलवली. पण शिकलेल्या सुनेची मान हलली म्हटल्यावर हिंदुरावांना आणखी पुरावा कशाला हवा होता?

"आमावशाच्या आत खोली रिकामी करतो तिची," ते म्हणाले. "आपल्याला न्हाई पायजे ही भानगड. पोराबाळांची बिल्डिंग हाय."

वाचकहो, अशी बातमी पसरायला पाय लागत नाहीत. जिन्यात शालनबाई दिसली की दारं लागू लागली. आया मुलांना आत ओढू लागल्या. म्हातारीनं काम चुकवलं नाही. मोटर चालू करायची, जिना चढायची, उतरायची, बस्स.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शुभदाताई डबा परत द्यायला आल्या. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. रुपालीचा चेहरा बघून त्या दारातच थबकल्या.

"काय गं, रडलीस का?"

रुपालीनं सगळं सांगून टाकलं. स्क्रीन, पावलं, मुंग्या, पेरू, हिंदुराव. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती आणि तरी भीती जात नव्हती. "ताई, मी वेडी नाहीये. मी रोज बघते. आधी स्क्रीन हलते, मग त्या येतात. एक दिवस चुकलेला नाही."

शुभदाताई हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"तू बघितलंस ते खरंच आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईही अर्ध्या बरोबर आहेत. दुकानात चालतं, घरात बिघडतं, म्हणजे दोष घरातच आहे. फक्त तुम्ही दोघींनी पुढचं बघायचं सोडून माणूस धरला. बघणारीनं मध्येच थांबू नये गं. हे कधीपासून होतंय?"

"दिवाळीनंतर. खाली पार्किंगला ब्लॉक बसवले ना, त्याच सुमारास."

"टेस्टर आहे घरात?"

निरंजनच्या डब्यातून टेस्टर काढून शुभदाताईंनी तो पूर्वीचं कार्टून चालू असलेल्या कॉम्प्युटरच्या पेटीला टेकवला. टेस्टरच्या पोटात एक बारीक लाल डोळा उघडला. ज्या पेटीवर पूर्वी तळवा टेकवायची, त्याच पेटीवर!

"अगं बाई!" रुपालीचा हात तोंडावर गेला.

"आता एकेक वस्तू बंद कर."

फ्रिज बंद केला. डोळा तसाच. पंखा बंद केला. तसाच. गिझरचं बटण बंद केलं आणि लाल डोळा मिटला.

"नळाला झिणझिण्या येतात का?"

"येतात थोड्या. पण आम्ही चप्पल घालतो ना आत जाताना. मग काही होत नाही." बाथरूमच्या दाराशी रबरी चपलांचा जोड ठेवलेलाच होता. नुसत्या त्यांच्याच नाही, इमारतीतल्या बहुतेक घरांत असा जोड असे.

"चप्पल घालतो!" शुभदाताईंनी कपाळावर हात मारला. "वीज ओरडून सांगतेय आणि आपण चप्पल घालतोय! ऐक. गिझर आतून खराब झालाय, त्याची वीज अर्थिंगच्या तारेत उतरतेय. ती तार जमिनीत गेली असती तर काही वाटलं नसतं. पण ब्लॉक बसवताना खाली कुणीतरी ती तोडली असणार. तुझ्या सॉकेटला तिसरी पिन आहे गं, पण ती जिथं पोचायची ती मातीच तिला मिळत नाहीये. मग ती वीज त्या तारेला जोडलेल्या इमारतीतल्या सगळ्या लोखंडी वस्तूंवर येऊन बसते. वाट बघत."

"कशाची वाट?"

"जमिनीला अनवाणी पाय टेकलेल्या कुणाचीही. त्यानं हात लावला, की तिला वाट मिळते. सगळ्या तारेतला जोर एका झटक्यात बदलतो. आपल्याला तो दिसत नाही. तुमच्या स्क्रीनला तो कळतो."

खालच्या रस्त्यावर पीएमपी बसचा हॉर्न वाजला आणि विरून गेला.

"ताई," रुपालीचा आवाज तिलाच परका वाटला, "मोटरची पेटी लोखंडी आहे."

"हो."

"खाली नेहमी ओल असते. आणि त्या चप्पल घालत नाहीत."

म्हणजे जितक्यांदा ही स्क्रीन थरथरली, तितक्यांदा त्या म्हातारीच्या अंगातून... आणि नंतर जिना चढून ती पेरू घेऊन यायची!

"गिझर बंदच राहू दे," शुभदाताई उठल्या. "मी खाली जाऊन त्यांना सांगते, पेटीला हात लावू नका म्हणून."

पण आतल्या खोलीत सुमनताई होत्या, त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं. मुलगा कामावरून यायची वेळ झालेली, पाणी तापलेलं नाही; त्यांनी नेहमीच्या सवयीनं चपला पायात सरकवल्या आणि गिझरचं बटण दाबलं.

स्क्रीन थरथरली.

पट्ट्या धावल्या. चित्र फाटलं. काळोख झाला. रुपाली जिन्याकडे कान लावून उभी राहिली. इतके दिवस ज्या पावलांनी तिच्या अंगावर काटा यायचा, तीच पावलं वाजावीत म्हणून तिचा जीव गोळा झाला होता. वाजा! एकदा तरी वाजा!

जिना गप्प होता. स्क्रीन काळीच होती.

"आई, आजी का येत नाही?" पूर्वीनं विचारलं.

रुपालीनं धाव घेतली आणि दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. घर अंधारात बुडालं. खालून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. अनवाणी निघालेली रुपाली क्षणभर थबकली, बाथरूमच्या दाराशी गेली, सुमनताईंनी काढून ठेवलेल्या रबरी चपला पायात घातल्या आणि मग जिना उतरली.

शालनबाई पेटीखाली आडवी पडली होती. एक हात अजून पेटीकडे उचललेला, बोटं आकडलेली. रुपालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. छातीवर कान ठेवला. धडधड होती. मंद, पण होती!

शुभदाताईंनी रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा वेळ गेला असता तर आणायचं कारण उरलं नसतं."

दुसऱ्या दिवशी रुपाली शालनबाईच्या उशाशी बसली होती. सुमनताई दाराशी, आत यावं की नाही या विचारात.

"मावशी, रोज शॉक बसत होता तर सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू बाई?" शालनबाई पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाली. "मालक म्हनला असता, म्हातारीला मोटर बी जमंना. मंग खोली गेली असती. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मला वाटलं, वय झालं. पेटी सोडली की हात लई थरथरायचा. तुमच्या दारात जरा दम खायचे. पोरगीकडं बघितलं की थरथर कमी व्हायची, म्हून बघत ऱ्हायचे. तुमाला आवडत न्हवतं, व्हय ना? मला कळायचं वो."

ज्या नजरेपासून ती लेकीला लपवत होती, ती नजर फक्त आधार शोधत होती. आणि जीवघेणं जे काही होतं, ते तिच्याच घरातून निघून रोज या बाईच्या अंगात शिरत होतं. करणी झाली होती खरी! पण कुणी कुणावर केली होती?

दाराशी उभ्या असलेल्या सुमनताई आत आल्या. डबा उघडून त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत कुस्करला. "आ करा," म्हणाल्या. "हात दुखायलाय ना तुमचा? मग गुमान खा."

हिंदुरावांनी आधी थोडी कुरकुर केली, मग कबूल केलं. "ती तार मीच तोडाया सांगितली होती राव. बिनकामाची वाटली. गवंड्यानं इचारलं बी होतं." निरंजननं त्याच आठवड्यात गिझर काढून टाकला, इमारतीतल्या सगळ्यांना जमवून गळती झाली की आपोआप वीज तोडणारं बटण मेनला बसवून घेतलं. पार्किंगचे ब्लॉक उचकटून अर्थिंगसाठी नवा खड्डा खणला. वायरमन म्हणाला, खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकायचं, म्हणजे जमीन वीज नीट ओढून घेते.

"मीठ ना? थांबा," सुमनताई म्हणाल्या. दृष्ट काढायला फडताळात जपून ठेवलेली खड्याच्या मिठाची पिशवी त्यांनी आणली आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात रिकामी केली.

शालनबाई अजूनही त्याच खोलीत राहते. अमावास्या आली आणि गेली. मोटर आता ती रबरी पट्टीवर उभी राहून चालू करते. स्क्रीन हलत नाही. जिन्यात पावलं वाजतात, तेव्हा पूर्वी कार्टून अर्धवट टाकून दाराकडे पळते. एकदा पळण्याआधी तिनं सवयीनं पेटीवर तळवा ठेवला आणि जरा हिरमुसली. "आई, मुंग्या गेल्या."

"जाऊ देत बाळा," रुपाली म्हणाली आणि दार सताड उघडं केलं.

मित्रहो, आपल्यालाही घराघरात अशा मुंग्या येतात. नळाला येतात, फ्रिजच्या दाराला येतात, आणि आपण चप्पल घालून मोकळे होतो. आज घरी गेल्यावर तुमची अर्थिंगची तार खरंच मातीपर्यंत पोचते का, ते एकदा तपासून घ्या. आणि घरात काही विपरीत घडलं, तर बोट उचलण्याआधी टेस्टर उचला. कारण एकट्या बाईवर आळ घेणं फार सोपं असतं. अनेकदा मरणाच्या वाटेवर तीच आपल्या आधी उभी असते, आणि आपण मात्र तिलाच घाबरून दार लावून घेतो.