दोघींत वाटलेली दवाई

डबी बोलते म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मग गुमान ऐका.

रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून फकिरा कारागिरानं मला घाटंजीच्या बाजारात बनवलं. झाकण असं घट्ट बसवलं की उघडताना नख दुखावं. तांड्यावरच्या सुखीबाईनं मला घेतलं. ती माझ्यात कवड्या, काचा आणि सुई-दोरा ठेवायची.

तांड्याची एक रीत आहे. घरात आलं ते वाटून खायचं. गुळाचा खडा जरी एकटीनं झाकून खाल्ला तरी बायका तोंडावर बोलतात. रीत चांगलीच आहे. पण दवाई म्हणजे गूळ नव्हे.

बासष्ट सालच्या हिवाळ्यात सुखीबाईला टीबी निघाला. घाटंजीच्या दवाखान्यातून दोन तऱ्हेच्या गोळ्या मिळाल्या, बारीक पांढऱ्या आणि बोराएवढ्या मोठ्या. नर्स वच्छलाबाईंनी बजावलं, "दोन्ही रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत." कवड्या बाहेर निघाल्या, गोळ्या माझ्यात आल्या.

मोठ्या गोळ्यांनी सुखीबाईला मळमळायचं. तिची जाऊ भुरीबाई, तीही खोकत होती, पण कापसाची वेचणी सोडून दवाखान्यात जायला तयार नव्हती.

"या मोठ्या माह्या पोटात ठरत नाहीत," सुखीबाई म्हणाली.

"मंग मले दे. माहं पोट म्हशीचं हाये."

"घे. बारीक माह्या, मोठ्या तुह्या."

दोघी हसल्या. जावाजावांत इतक्या गोडीनं काही वाटलं गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

खोकला उतरला. होळीला दोघी नाचल्यासुद्धा. आणि भर उन्हाळ्यात सुखीबाईच्या खोकल्यातून रक्त पडलं. तिच्या नवऱ्यानं, भीमसिंगनं, बैलगाडी जुंपली.

वच्छलाबाईंनी माझं झाकण उघडलं.

"मोठ्या गोळ्या कुठं आहेत?"

"जावेले देल्ल्या."

"का?"

"तिले बी खोकला हाये. एकटीनं कशी खाऊ?"

वच्छलाबाई कपाळाला हात लावून बसल्या. भुरीबाईलाही बोलावणं गेलं. दोघींची थुंकी नागपूरला तपासायला पाठवली. बऱ्याच दिवसांनी जबाब आला. सुखीबाईच्या छातीतले जंतू बारीक गोळीला जुमानत नव्हते, भुरीबाईच्या छातीतले मोठीला.

"दवाई जुनी असन," भीमसिंग म्हणाला.

"दवाईत काही खोट नाही. ज्वारीत डुकरं शिरली तर तुम्ही काय करता?"

"दोन्ही आंगानं हाकतो. एकाच आंगानं गेलो तर दुसरीकडून पळतात."

"मग हेही तसंच. एवढ्या जंतूंत थोडे असे असतात की बारीक गोळीनं मरत नाहीत. त्यांना मोठी गोळी मारते. मोठीतून जे वाचतात त्यांना बारीक मारते. तुम्ही एकीनं एक बाजू धरली, दुसरीनं दुसरी. निसटले तेच उरले, आणि त्यांचीच पिलावळ वाढली. आता तू कुणाच्या तोंडावर खोकशील तर त्याच्या छातीतही हीच पिलावळ जाईल. त्याला बारीक गोळी पहिल्या दिवसापासून लागू पडणार नाही."

सुखीबाईनं ओढणी तोंडावर घेतली. "मी मरन का?"

"तिसऱ्या दवाईच्या सुया टोचू आणि सोबत मोठ्या गोळ्या देऊ. पण पुन्हा अर्धवट सोडलंस तर तुला द्यायला माझ्याजवळ काही उरणार नाही."

आता सगळं उलटं झालं. सुखीबाईला नेमक्या नकोशा मोठ्या गोळ्या, भुरीबाईला बारीक, आणि सुया दोघींना. सुखीबाई गोळी तोंडात टाकते, डोळ्यांत पाणी येतं, ओकारी येते, ती तोंड दाबून बसते. भुरीबाई समोर ठाण मांडते.

"गिळ. नाही तर हात घालून ढकलीन."

"तुह्या हाताचा वास गोळीपेक्षा वाईट हाये."

आणि गिळते. चिडून का होईना, गिळते.

काल शेजारची हंसाबाई खोकत खोकत आली. "एक गोळी दे वं, सुखी."

सुखीबाईनं मला मांडीखाली घेतलं. "भाकर माग, देतो. गोळी नाही भेटन."

"दवाईची मालकीण झाली काय? तांड्यात कोणी नाही म्हणत नाही."

"मी म्हणून राह्यली. उद्या आमी सुई घ्याले जातो, तू बी चाल. तुही थुंकी पाहू दे. तुले लागन ते दवाखान्यातून भेटन, पुरी भेटन."

हंसाबाई पाय आपटत गेली. सुखीबाईला रात्री जेवण गेलं नाही. तांड्यात नाही म्हणणं सोपं नसतं, मी पाहिलं ना. पण आज उजाडताच ती हंसाबाईच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आणि ती बाहेर येईपर्यंत हलली नाही.

आता तिघी घाटंजीच्या वाटेला आहेत. मी सुखीबाईच्या कमरेला बांधलेली आहे. माझ्या कडेला गंज धरलाय, पोचे पडलेत. सुखीबाई अजून बरी झालेली नाही. पुरी व्हायला पुष्कळ दवाई बाकी आहे, आणि ती एकही गोळी सोडणार नाही.

तुम्ही माझ्याकडे हात पुढं करू नका. माझ्यातलं हिच्या नावचं आहे, हिच्याच पोटात जाईल. तुम्हाला खोकला असेल तर चपला घाला. आम्ही हळूहळू चालतोय, गाठाल आम्हाला.