तिसऱ्या टेबलापुढे

शुक्रवारी आमच्या शाळेच्या सभागृहात तीन टेबलं लागणार होती: भूदल, हवाई दल आणि नौदल. शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर शाळेनंतरच्या शिक्षणाचा सगळा खर्च सैन्य करणार, पण दल एकदाच निवडायचं. नंतर बदल नाही म्हणजे नाही.

मला समुद्राचा तळ मोजायचा होता. खाली आवाज सोडायचा, तो आपटून वर यायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि खोली काढायची. किती भारी! पण हे फक्त नौदलात.

घोळ असा, की मी आणि माझी जिवाभावाची मैत्रीण चिमणी, आम्ही सहावीपासून हवाई दलाचं ठरवून बसलो होतो. ती रडार शिकणार, मी हवामान. वसतिगृहात खोली एकच. खिडकीकडची खाट कुणाची, यावरून दोनदा अबोलाही झाला होता.

आणि बाबा! बाबा गणवेश शिवतात, तिन्ही दलांचे. गुरुवारी मी घरी आले तर टेबलावर हवाई दलाचं निळं-राखाडी कापड. बाह्यासुद्धा बेतून तयार. माझ्या मापाच्या!

"बाबा, अर्ज तरी भरू द्या की!"

"अगं, किती वर्षं ऐकतोय. तुझं माप मला तोंडपाठ आहे."

"आणि मी नौदल म्हटलं तर?"

"नौदलाचं पांढरं असतं. तू दोन दिवसांत पोतेरं करशील त्याचं." ते हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. "खरंच म्हणतेस की काय?"

"खरंच."

बाबांनी टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. "जहाजावर महिनोन् महिने जातात."

"फोन करीन ना!"

"कर. इकडे उचलायला मी एकटाच," म्हणाले आणि मशीनला तेल घालायला लागले. आमच्या घरात माणसं दोनच. जेवताना पंख्याची घरघर केवढी तरी मोठी वाटली.

सकाळी त्यांनी अर्जावर पालकाची सही केली. दलाचा रकाना कोरा होता. "तुझं तू लिही," म्हणाले.

सभागृहात चिमणीने हवाई दलाच्या रांगेत माझ्यासाठी दप्तर ठेवून जागा धरली होती. "ये ना लवकर! हा मागचा ढोल्या सारखा ढकलतोय."

"मी तिकडे चाललेय. नौदलाकडे."

"चेष्टा करू नकोस हं."

मी तिसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"बरं, खिडकीची खाट तुझी. आता तरी खूश?"

"खाटेचं नाही गं..."

तिने दप्तर उचललं. "जा मग. बुड तिकडे." ढोल्या लगेच पुढे सरकला आणि माझी जागा गेली.

तिसऱ्या टेबलापुढे रांगच नव्हती. तिथल्या अधिकारी बाईंनी मान वर केली. "रांग चुकलीस का गं? हवाई दल शेजारी."

"नाही चुकले."

"सोबत कुणी?"

"मी एकटीच आहे."

मी रकान्यात नौदल लिहिलं. छान, ठसठशीत. मागून हसण्याचा आवाज आला. चिमणीचं हसू मला शंभरांत ओळखू येतं. तिला दुसरंच कुणीतरी हसवत होतं. मी वळले नाही, खाली माझी सही केली.

बाईंनी शिक्का मारला. "चला, पुढचं कोण?" त्या सवयीने म्हणाल्या.

माझ्या मागे कुणीच नव्हतं.