डब्याची दोन घरं

नथ्थूने जुबेरचा उजवा हात दुकानाच्या टेबलावर दाबून धरला आणि बोटांवर काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज कोपऱ्यातल्या गोकुळाबाईलाही ऐकू आला.

"पुसून टाका, जुबेरभाऊ," ती म्हणाली. "माह्यं पोरगं गेलं. तुम्ही नका मरू."

तिच्या भूपेशला दोन दिवसांपूर्वी नथ्थूनेच मासेमारीच्या भांडणात तलावाच्या पाळीवर ठेचून मारलं होतं. तिथे मच्छीमार सोसायटीचा कॅमेरा होता. त्याचं चित्रण साठवणारा डबा चालू होईना, म्हणून तिने तो आरमोरीला जुबेरच्या दुरुस्तीच्या दुकानात आणला, आणि पाठोपाठ नथ्थू भावाला घेऊन आला.

"फोडून टाकू ना डबा," भाऊ म्हणाला.

"फोडला तं पोलीस विचारतीन. कोरा पाहिजे मले."

डब्याचं दुखणं साधं होतं. आत डबा चालवणारं लिनक्स होतं, आणि जागं होताना त्याला आपली रूट फाइलसिस्टीम, म्हणजे आपलं घर, कुठे आहे ते सांगावं लागतं. तलावावरच्या धक्काबुक्कीत वायर उपटली गेली, तो पत्ता गेला आणि बिचारा दारातच अडून बसला. घरं मात्र दोन होती. एक हार्ड डिस्कवरचं, चित्रणाने भरलेलं. दुसरं कंपनीने चिपमध्ये दिलेलं, रिकामं.

मार खाऊन माणूस गार पडतो म्हणतात. जुबेरच्या अंगाची नुसती आग झाली होती. डाव्या हाताने त्याने लॅपटॉपवर पत्ता टाकला: चिपचा.

डबा सुरू झाला. पडद्यावर एकही चित्रण नव्हतं.

"साफ?" नथ्थूने विचारलं.

"दिसून राह्यलं ना तुले."

नथ्थू हसला. मग जुबेरचा डावा हातही टेबलावर ओढून त्याने काठी घातली आणि भावाला घेऊन निघून गेला.

गोकुळाबाईने पदर तोंडात कोंबला. "दुसऱ्यांदा मेला माह्या भूपेश," ती म्हणाली.

"नाई मेला. इकडे या, बाई. माह्ये हात गेले. मी दाखवतो ते बटण दाबा."

तिला अक्षरओळख नव्हती. जुबेर हनुवटीने एकेक बटण दाखवत गेला, ती दाबत गेली. चिपचा पत्ता गेला, डिस्कचा आला. डबा पुन्हा जागा झाला.

तलाव दिसला. भूपेश कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळं फेकत होता.

"पुढचं नका पाहू," जुबेर म्हणाला. "ते पोलिसाले दाखवू. हे बटण दाबा, इथीच थांबते."

तिने बटणावर बोट ठेवलं. भूपेशने जाळं ओढलं, झटकलं, पुन्हा फेकलं. पाळीवरून काठी घेऊन नथ्थू उतरू लागला, तेव्हा गोकुळाबाईने बटण न दाबताच बोट उचलून घेतलं.