आत्या हो म्हणाली

मी माहितीपटवाल्या डंकनचा कॅमेरा बोलतोय. घाबरू नका, चित्रण बंद आहे. आता नैसर्गिक वागायची गरज नाही.

मी जन्मलो कारखान्यात आणि आयुष्य घालवलं देशोदेशीच्या माणसांचं रोजचं जगणं टिपण्यात. रोजचं जगणं म्हणजे डंकन सांगेल ते. टोंगाच्या या बेटावर मेलेनाइटे आत्या सकाळी डब्यातला मासा आणि पाव खायची. डंकनने डबा लपवला आणि तिच्या हातात खोबरं ठेवलं.

"अरे बाबा, हे आम्ही डुकरांना घालतो," आत्या म्हणाली. "पण पाहुणा आहेस. आण, खाते."

आत्या केवड्याच्या पातींच्या चटया विणायची. त्यातली एक वीण त्यांच्या घराण्याची. आत्या जिला हो म्हणेल, तिनेच ती पुढे विणायची. भाची कलोलाइन बघून बघून ती शिकली होती, पण विचारायची छाती होत नव्हती.

एका दुपारी घरात आत्या, डंकन आणि मी, आम्ही तिघंच होतो. डंकनने पाठ केलेलं टोंगन वाक्य म्हटलं, "आत्या, तुमच्यामागे ही वीण कलोलाइनने विणायची ना?"

आत्याने दोन्ही भुवया झटकन वर केल्या. इथे यालाच हो म्हणतात. दुकानदार म्हणतो, पाद्रीही म्हणतो. दोन महिने इथलं जेवलेला आमचा विद्वान मात्र उत्तराची वाट बघत बसला. शेवटी "बिचारीला शब्द सुचेनात" म्हणून त्याने मला बंद केलं.

पुढच्या वर्षी आत्या गेली. कलोलाइनने पाती काढल्या, तशी चुलतबहीण वाइओला म्हणाली, "आत्या हो म्हणाली होती? कुणासमोर?"  कलोलाइनने पाती गुंडाळून ठेवल्या. हे कानावर आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. साक्षीदार मी, आणि मला तोंड नाही.

मग बक्षीस मिरवत डंकन मला घेऊन चित्रपट दाखवायला परत आला. चर्चच्या सभागृहात चादर टांगली. निवेदक घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भविष्याबद्दल विचारताच ही शेवटची विणकर थक्क होऊन नुसती बघत राहते." चादरीवर डंकनचा तोच प्रश्न आला आणि आत्याच्या हातहातभर भुवया वर गेल्या.

"अगं, हो म्हणाली!" वाइओला ओरडली. "कलोलाइन, आत्या तुला हो म्हणाली की गं!" तिने तिला मिठीच मारली. कलोलाइन हमसून रडायला लागली. "परत दाखव!" सगळे ओरडले. डंकनने पाच वेळा दाखवलं आणि स्वतःचेही डोळे पुसले.

"बघितलंस?" तो मला थोपटत म्हणाला. "निवेदनाने काळीज हललं त्यांचं."

आता खाऱ्या हवेने माझी काच धुरकटली आहे, नोकरीचे थोडेच दिवस राहिलेत. चित्रपटवाल्यांनो, एकच विनंती: निवेदनात हवं ते बरळा, पण बाई गप्प आहे म्हणून तिला कापू नका.

डंकनचा पुढचा विषय ठरलाय: ही वीण कशी कायमची मेली. कलोलाइनने त्याला बसायला त्याच विणीची नवी कोरी चटई घातली आहे. तिच्यावर मांडी ठोकून तो निवेदन लिहितोय.