चार सेकंदांचं कपाट

टण्ण! ओट्यावरून दुधाच्या पातेल्याचं झाकण खाली पडलं आणि फरशीवर गरागरा फिरत राहिलं. निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं ते थांबायलाच तयार नव्हतं. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे बघत राहिले. आत माझी तीन वर्षांची लेक झोपली होती. घरात तिला सगळे बटण म्हणतात. बटण उठली की माझं ऑफिस सुटतं.

झाकण थांबलं. आतून काही हालचाल नाही. मी पुन्हा टॅबलेटवर वाकले.

दुपारी सव्वा ते अडीच ही माझी कामाची वेळ. एका विनोदी कार्टून मालिकेत मी पार्श्वभूमी रंगवते. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक भांडकुदळ कुटुंब राहतं, त्याची गोष्ट. माणसं दुसरे काढतात. भिंती, कपाटं, रस्ते, खिडक्या माझ्याकडे. पण आमचे अर्धे प्रेक्षक माणसांकडे बघतच नाहीत. ते चित्र थांबवून मागे काय लपवलंय ते शोधतात. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये एखाद्या गाजलेल्या सिनेमाची टिंगल असते, दुकानाच्या पाटीत एखाद्या गायकाला कोपरखळी असते. किती सापडल्या ते मोजून एकमेकांना कळवतात. म्हणून आमच्याकडे नियमच आहे, प्रत्येक भागात लपवलेल्या गमती वीस. एकोणीस झाल्या तरी प्रेक्षक पत्र लिहितात.

बटणच्या जन्मानंतर तीन वर्षं मी घरी होते. आता मला कामावर परत घेतलं होतं, पण एका भागापुरतं. हा भाग पास झाला तर कायम. नाहीतर ‘बघू पुढे’. आमच्या धंद्यात ‘बघू पुढे’चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

भागात घरचा बाप छत्री शोधायला स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात जातो. त्याच्यामागे छतापर्यंत कपाट. पडद्यावर फक्त चार सेकंद. त्या कपाटात मला वीस गमती लपवायच्या होत्या, आणि गेल्या तीन वर्षांत मी एकही सिनेमा शेवटपर्यंत बघितला नव्हता. लोक कशावर हसतात, काय गुणगुणतात, मला पत्ता नव्हता. मला पाठ होतं ते दात घासायचं गाणं.

ऑफिसात एक पोरगा आहे, त्याला सगळे ज्ञानकोश म्हणतात. आजवर आलेला प्रत्येक सिनेमा त्याने दोनदा बघितलाय. त्याला विचारून विचारून मी आठ गमती काढल्या: गुप्तहेराची टोपी, एका गायिकेचा चंदेरी बूट वगैरे. पुढे त्याला विचारायची लाज वाटायला लागली. आणि मग एका दुपारी हात आपोआप चालू लागला. बटणने चावलेला रिमोट, बॅटरीच्या झाकणावर चिकटपट्टी. पिशव्या भरलेली पिशवी. जोडी नसलेला एक मोजा. दांडी लाल दोऱ्याने बांधलेला सासूबाईंचा चष्मा. वाकडा चमचा, जो फेकायचं रोज ठरतं. बघता बघता बारा वस्तू झाल्या. बरोब्बर वीस! मी फाइल पाठवून दिली आणि देवाचं नाव घेतलं.

मंगळवारी बटणला सासूबाईंकडे सोपवून ऑफिसात गेले तर ज्ञानकोश माझ्या चित्रासमोर.

“ताई, हा रिमोट... थांबा, सांगू नका.”

“नाही सांगत.”

“तो अंतराळातला सिनेमा! दुसरा भाग. शेवटी यान सुरू होत नाही तेव्हा हिरो रिमोट दातांनी उघडतो, तोच ना?”

मी नुसती हसले. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मनाची समजूत घातली.

“कडक! आणि चष्मा म्हणजे त्या आंधळ्या वाजंत्र्याचा. लाल दोरा! अहो, किती बारीक काम आहे!”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने बारापैकी नऊ वस्तूंचे सिनेमे शोधून दिले होते. बाकीचे माना डोलावत होते. आपल्याला ओळखू येत नाही असं म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. “उरलेल्या तीन फारच अवघड ठेवल्यात तुम्ही,” जाताना तो म्हणाला. 

गुरुवारी बिंग फुटायची वेळ आली. प्रत्येक गंमत कुठून घेतली हे एका यादीत लिहावं लागतं, आणि ती यादी वकीलबाईंकडे जाते. कोणाची परवानगी लागेल, कोण खटला भरेल, हे त्या बघतात. माझ्या यादीत आठ वस्तूंपुढे सिनेमांची नावं होती. बारांपुढे काहीच नव्हतं.

बैठकीत दिग्दर्शक, ज्ञानकोश, मी आणि वकीलबाई. बाईंनी चष्मा नाकावर ओढला.

“ही टोपी काढा. बूट काढा. या आठही जणांची परवानगी यायला महिना लागेल, भाग तर दहा दिवसांवर आलाय. आणि हे बारा? मूळ कुठलं?”

“मॅडम, रिमोट अंतराळवाल्या...” ज्ञानकोशने तोंड उघडलं.

“मी त्यांना विचारतेय. चित्र त्यांचं आहे.”

दिग्दर्शक माझ्याकडे बघत होते. वीसमधल्या आठ गेल्याच होत्या. आता खोटं एखादं नाव सांगितलं असतं तर या बाराही गेल्या असत्या, आणि खरं सांगितलं तर मी गेले असते.

“आमच्या घरातलं आहे,” मी म्हणाले.

“कोणत्या घरातलं?”

“आमच्या. दिवाणखाना, मोरी, ओट्याखालचा कप्पा. मला नवं काही माहीतच नव्हतं, मॅडम. तीन वर्षं मी हेच बघत होते.”

ज्ञानकोश माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्या पायाखालची सतरंजी ओढली होती. “पण लाल दोरा...” तो पुटपुटला.

“सासूबाईंचा चष्मा मोडला, रे.”

दिग्दर्शकांनी पेन खाली ठेवलं. “अहो, पण लपवलेली गंमत म्हणजे बघणाऱ्याला ओळख पटली पाहिजे. तुमच्या मोरीची ओळख जगाला कशी पटणार?”

मी पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात वकीलबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या.

“दाताच्या खुणा फक्त आवाजाच्या बटणावर आहेत,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाने तेच बटण खाल्लं होतं. वर्षभर आमचा टीव्ही ओरडत होता.”

“ती पिशव्यांची पिशवी,” दिग्दर्शक म्हणाले, “आमच्याकडे दाराच्या मागे असते.”

“आमच्याकडे फ्रिजच्या बाजूला.” हा ज्ञानकोश. रागातच, पण बोलला. “आणि आई त्यातली एकही वापरू देत नाही.”

दिग्दर्शकांनी कपाट पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. “वाकड्या चमच्याचं मला काही कळलं नाही. पण राहू दे. आठ रिकाम्या जागी अजून घरच्याच आठ वस्तू काढा, सोमवारपर्यंत. पुढचे भागही तुमच्याकडेच ठेवतोय. पण कोणी पत्र लिहिलं तर उत्तर तुम्ही द्यायचं.”

“आणि मालकांची लेखी संमती आणायची,” वकीलबाई म्हणाल्या.

“कोणत्या मालकांची?”

“चष्म्याच्या.”

संध्याकाळी मी सासूबाईंपुढे कागद ठेवला. त्यांनी तो मोडक्या चष्म्यातूनच दोनदा वाचला.

“‘माझी हरकत नाही.’ कोण म्हणतं नाही? हरकत आहे.”

“आई, अहो, चार सेकंद दिसणार आहे.”

“चार सेकंद सगळ्या गावाला दिसणार की सुनेने सासूला मोडका चष्मा घालायला लावलाय. तू म्हणशील विनोद. लोक काय म्हणतील?”

“मग नवा करू या म्हटलं तर तुम्हीच नको म्हणता!”

“याच्यातून चांगलं दिसतं म्हणून नको म्हणते.” त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. “काचा पुसून काढल्यास का?”

“नाही. जशा आहेत तशा.”

“मग पूस आधी. चित्रातल्या. मग सही.”

मी त्यांच्यासमोर बसून चित्रातल्या काचा पुसल्या, त्यावर एक तिरीप टाकली. त्या शेजारून सूचना देत होत्या, अजून थोडी, तिथे डाग राहिलाय. मग त्यांनी पूर्ण नावानिशी, खाली तारीख घालून सही केली. तेवढ्यात बटण उठून आली आणि आजीच्या सहीखाली निळ्या खडूने एक गोल काढला. वकीलबाईंनी तोही ग्राह्य धरला.

उरलेल्या आठ वस्तूही घरातूनच निघाल्या, आणि पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर. नवऱ्याने चित्र थांबवण्यासाठी तो चावलेला रिमोट हातात धरलेला. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, कारण विचारल्यावर म्हणाल्या, सहज. कपाट आलं, नवऱ्याने थांबवलं, आणि खोलीत एकच गलका झाला.

“तो बघा माझा चष्मा! किती स्वच्छ आहे!”

“माझा मोजा! अगं, मी दोन महिने शोधतोय!”

फोनवर ज्ञानकोशचा निरोप आला. प्रेक्षकांना आतापर्यंत सतरा सापडल्या होत्या. वाकडा चमचा एका जुन्या परदेशी सिनेमातला असल्याचं चाळीस जणांनी एकमताने ठरवलं होतं आणि तो म्हणत होता, ताई, प्लीज, यांना काही सांगू नका. नंतर काढलेल्या आठांतल्या एका वस्तूबद्दल एका बाईने लिहिलं होतं, कपाटाच्या दारात अडकलेली ती ओल्या शर्टाची बाही आमच्याच घरची आहे, यांनी कुठून बघितली? तो निरोप मी तीन वेळा वाचला. सोमवारी पुढच्या भागाचे कागद येणार होते. त्यात एका बसचा आतला भाग रंगवायचा होता, आणि कितीतरी दिवसांनी मला वाटलं की बस कशी असते ते मला चांगलं माहीत आहे.

बटण माझ्या मांडीवरून उतरून टीव्हीजवळ गेली. एकेका खणावर बोट ठेवत, पुटपुटत, तिने सगळं कपाट तपासलं. बोटाचे ठसे पडले, पण कुणी तिला रागावलं नाही. मग ती वळली.

“आई, हे हरवलेल्याचं कपाट आहे ना?”

“हो.”

“यात सगळं आपलंच आहे.”

“हो गं, बटण. सगळं आपलं.”

तिने पुन्हा एकदा कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मग आपण कधी हरवलो होतो?”